गच्चीवरची वानगी

मु. कोरीट. आखाजीच्या सणाला अजून पंधरा-वीस दिवस आहेत.
(खरी तारीख नातसुनेला विचारली असती, पण मग कोणाला लिहिता नि काय लिहिता, तेही सांगावं लागलं असतं.)

माझी जिवाची मैत्रीण अख्तरबानो हिला रुखमाबाईचा सलाम. घरात थोर असतील त्यांना रामराम आणि लहान असतील त्यांच्या गालाला एकेक चिमटा. इकडे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. तुझे कान कसे आहेत? फोनवर मी इथून ओरडते, तू तिथून ओरडतेस, आणि तू फोनचा तो मोठा आवाज लावतेस म्हणून शहाद्याची सगळी गल्ली आपलं बोलणं ऐकते. काही गोष्टी गल्लीने ऐकायच्या नसतात. म्हणून चौथीपर्यंत जेवढं शिकले तेवढं वापरून पत्र लिहिते. तुझी नात नमिरा तुला वाचून दाखवेल. (नमिरा बेटा, सगळं वाच, काही गाळू नको. असे दोन अर्धे चंद्र काढून मी जे लिहीन ते हळू वाच. आणि तुझा भाऊ शहजाद घरात असेल तर आधी त्याला दूध आणायला पाठव. दूध असलं तरी पाठव.)

तू पहिलं हेच विचारशील, की माझ्या नातवाला, शहजादला, तुमच्या गिरणीच्या विजेचं काम मिळालं का? सांगते, पण क्रमाने सांगते. जात्यात आधी दाणे पडतात, मग पीठ येतं. मला माहीत आहे, सुरतेची नोकरी सोडून पोराने स्वतःचं काम मांडलं आहे, आतापर्यंत लोकांच्या गच्चीवर पाणी तापवायचे बंबच बसवले, आणि गिरणीएवढं हे पहिलंच काम त्याच्या हाताशी आलं. ते मिळालं तर पुढच्या चार गिरण्या त्याला दारात उभं करतील. हे सगळं तू मला फोनवर सांगितलं आहेस (गल्लीनेही ऐकलं आहे).

तर झालं असं. आमच्या गिरणीत आता एकटी चक्की राहिली नाही. माझी नातसून संध्या, आमच्या हेमराजची बायको, तू लग्नात पाहिलीस ती, उंच, कमी बोलणारी नि डोळ्यानेच माप घेणारी, ती आल्यापासून दळणाचं एक, हळदीचं एक आणि मिरची कांडायची दोन अशी मशीनं झाली. आता मिरचीचा हंगाम, बाया सकाळपासून डबे घेऊन रांगेत, समोरच्या ओट्यावर बसून सगळ्या शिंकतात. त्यात विजेचं बिल असं आलं की हेमराज ते वाचून अर्धा दिवस बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, त्यामुळे आम्हाला कळायला संध्याकाळ झाली. मग संध्या म्हणाली, आपण आपल्याच गच्चीवर उन्हाची वीज करू. उरली तर लाईटवाल्यांना द्यायची, कमी पडली तर त्यांच्याकडून आणायची, शेजारणीशी विरजणाचं करतो तसं. फक्त कोणाकडून बसवून घ्यायची ते निवडायचं. मला हसू आलं. अख्तर, आपल्या वेळी वीज कोणी निवडली होती का? तीच आपल्याला निवडायची, अमक्या गावाला आधी, तमक्या गावाला मागून.

तुला आमचं इंजिन आठवतं ना? हिरवं, डिझेलचं, निंबाखालच्या पत्र्याच्या शेडमधलं. आमचे हे दोन्ही हातांनी त्याचं चाक फिरवायचे नि तोंडाने त्याला अशा शिव्या द्यायचे की मी पोरांना घरात घ्यायची. तुमच्या जहीरभाईंनी धुराच्या नळीवर एक पत्र्याचा डबा बसवून दिला होता, त्यातून कुक-कुक-कुक असा आवाज निघायचा नि थेट शिवारात जायचा. खुरपणाऱ्या बाया कंबर सरळ करून एकमेकींना म्हणायच्या, ‘चक्की लागनी वं माय, चाल.’ कोणाला घड्याळ नव्हतं, पण चक्की लागली की कोरीटला दिवस लागायचा. आणि इंजिन रुसलं की, तेव्हा तुम्ही नंदुरबारला होतात, तिथून जहीरभाई सायकलवर यायचे, मागे तू, तुझ्या मांडीवर हत्यारांची पेटी. दुरुस्तीला तीन दिवस लागायचे. (मला आता वाटतं ती एका दिवसात होत असावी, पण दोघा बाप्यांना गप्पा मारायच्या असायच्या. आपल्यालाही.) तूही नवी नवरी, मीही नवी नवरी. तू मला शेवया शिकवल्यास, मी तुला बिबडे शिकवले. ज्वारीचा चीक शिजवायचा, त्यात तीळ नि लसूण-मिरची, आणि ओल्या लुगड्यावर पातळ पातळ थापून उन्हात टाकायचे. शेवया मला आल्या. बिबडे तुझे अजून जाडच होतात, हे पन्नास वर्षांनी सांगते, राग मानू नको.

मग गावात विजेचे खांब आले. आमच्या ह्यांनी दोन वर्षं मोटर घेतली नाही. म्हणायचे, तारेतून येते ती वस्तू डोळ्याला दिसत नाही, तिचा काय भरवसा? शेवटी जहीरभाईच म्हणाले, वानगी बघू. मिरची घेताना आपण पोत्यातून मूठभर काढतो, देठ मोडतो, हुंगतो, मग बोलतो. तसंच हे. कुठूनशी एक मोटर मागून आणली. एक पायली ज्वारी इंजिनावर दळली, एक मोटरीवर. सगळं गाव पीठ चिमटीत धरून बघत होतं. मोटरीचं पीठ बारीकही निघालं नि लवकरही निघालं. आणि ते सांगितलं कोणी? ज्यांची चूल त्या इंजिनाच्या आजारपणावर चालायची त्यांनी. ‘भाऊ, मोटर ले लो, इंजन का जमाना गया.’ आमच्या ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, जहीर, मग तू काय खाशील? जहीरभाई हसून म्हणाले, ‘मोटर भी तो बिगडेगी!’ (नमिरा, इथे जरा थांब. आजीला पाणी दे.)

आता मूळ गोष्टीवर येते. विजेसाठी तिघं आले. पहिला सुरतेचा, उन्हात काळा कोट घालून. म्हणाला, तुम्ही काही घेऊच नका, उन्हाच्या काचेच्या पाट्या आमच्या, गच्ची तुमची, तुम्ही फक्त आमच्याकडून पंचवीस वर्षं वीज विकत घ्यायचा करार करा. मी बोटं मोजली, तोवर मी पंच्याण्णव वर्षांची होते. म्हटलं, बाबा, एवढी मुदत तर सप्तपदीतही कोणी माझ्याकडून लिहून घेतली नव्हती. दुसरा धुळ्याचा. गोड माणूस, चार वेळा चहा प्याला, मांडीवरच्या संगणकात आमची गच्ची दाखवली, आणि ती चित्रातली गच्ची बघून इतका खूश झाला की खऱ्या गच्चीवर चढलाच नाही. जाताना म्हणाला, तो निंब तोडा, सावली पडते. तिसरा आपला शहजाद. मोटारसायकलवरून उतरला, माझ्या पाया पडला, झाडू मागितला नि गच्ची झाडूनच मोजायला बसला. दुपारभर उन्हात बसून निंबाची सावली कुठे कुठे जाते ते खडूने आखलं. खाली येऊन म्हणाला, ‘आजी, झाड ऱ्हाऊ द्या. पाट्या दुसऱ्या अंगाला सरकवू.’ अख्तर, त्या घटकेला मी मनात त्याला काम देऊन टाकलं.

पण गिरणी संध्याच्या हातात आहे, माझ्या नाही. मी म्हटलं, अगं, जहीरभाईंचा नातू आहे, घरचा आहे. ती म्हणाली, ‘आजी, नातं चुल्हापासे, गिरणीमा वानगी.’ बघ, माझीच शिकवण माझ्याच पदरात. मग मीच तावातावाने म्हटलं, होऊन जाऊ दे वानगी! ज्याने त्याने दोन-दोन पाट्या गच्चीवर मांडाव्या, खाली आकडे दाखवणारं मीटर लावावं, पाच दिवसांत कोणाची वीज जास्त ते बघावं. सुरतेचा म्हणाला, आमच्यात अशी पद्धत नाही, आणि कोट झटकून गेला. धुळ्याच्याने दोन माणसं पाठवून पाट्या मांडल्या. शहजादने स्वतः मांडल्या. संध्या रोज संध्याकाळी वर जाऊन आकडा बघायची नि जिन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहायची, इकडे ‘धु’, तिकडे ‘श’. मीही त्या पाच दिवसांत रिकामी नव्हते. यंदाचे बिबडे मी त्याच पाच दिवसांत उरकले, आणि काय सांगू तुला, असे कडक, असे पातळ, जन्मात झाले नव्हते! सकाळी टाकावे नि दुपारी उचलावे. तुझ्यासाठी डबा भरून ठेवला आहे.

आता निकाल. पाचही दिवस ‘धु’ वर नि ‘श’ खाली. थोडं नाही, फार खाली. संध्याला वाईट वाटलं असणार, कारण तिने आकडे दोनदा गिरवले. तिने शहजादला बोलावलं. त्याने येऊन तारा तपासल्या, मीटर तपासलं, काच पुसली. चौकटीच्या कडेला काही अडकलं होतं ते नखाने काढलं, बघितलं, तोंडात टाकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आजी, औंदा तीळ जास्त पडनात.’ आणि खाली येऊन संध्याला म्हणाला, भाभी, माझ्याच मालात खोट असेल, तुम्ही खुशाल धुळ्याला द्या. चहाही न घेता गेला. सोमवारी धुळ्याचा माणूस कागद घेऊन येणार आहे. तेव्हा अख्तर, मन घट्ट कर. नशिबात असेल तेच मिळतं, आणि तुझा नातू गुणाचा आहे, त्याला दुसरी गिरणी मिळेल. बाकी सगळं क्षेम. आखाजीला नक्की ये, निंबाला झोका बांधते. बसायचं वय राहिलं नाही, पण हलवू तरी.

तुझीच,
रुखमा

ता. क. (नमिरा, खरंच गेला ना तो दुधाला?) अख्तर, वर मी ‘नशीब’ लिहिलं, ते नशीब मी आहे. आमच्या गच्चीवर मी पन्नास वर्षं वाळवण घालते. तिथे पाट्यांनी जागा धरली. मग बिबडे घालायचे कुठे? धुळ्याच्याच्या काचेला हात लावायची माझी छाती झाली नाही, परक्याची वस्तू, उद्या काही बोलला तर? पण शहजाद तर घरचा! त्याच्या काचेवर मी हक्काने ओलं लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले नि बिबडे थापले. मला वाटलं, काच तव्यासारखी असते, तापली म्हणजे झालं, वर लुगडं असलं काय नि नसलं काय. उलट धूळ बसणार नाही, पोराचं भलंच होईल. संध्या वर यायच्या आत मी सगळं उचलून मोकळी व्हायची, ते लपवायला नाही गं, दव पडायच्या आत उचलावेच लागतात. शहजादने काच पुसली तेव्हा तिच्यावर चिकाची गोल गोल चकंदळं उमटलेली होती, भाकरीएवढी. त्याने ती बघितली. मला बघितलं. मी त्याला बघितलं. आणि त्याने फडक्याने ती पुसून टाकली नि तिळाचं बोलला. मी निर्लज्ज, तोंड मिटून उभी राहिले. कुंपणाने शेत खाल्लं नि वर शेताला म्हटलं, तुझं नशीब.

म्हणून खरी विनंती ही की सोमवारच्या आत शहजादला इकडे पाठव, आणि त्याने संध्याला सांगावं की काचेवर कबुतरांनी घाण केली होती. कबुतरांचं काय जातं? माझं मात्र या घरात पन्नास वर्षांचं नाव आहे.

ता. क. दुसरा. (शाई वेगळी आहे, कारण दिवस वेगळा आहे.) हे पत्र मी हेमराजजवळ टपालात टाकायला दिलं होतं. आज दहा दिवसांनी ते त्याच्याच सदऱ्याच्या खिशात सापडलं, मी धुवायला टाकत होते तेव्हा. विचारलं तर म्हणाला, आजी, तू ‘आज’ टाक असं कुठे म्हणाली होतीस? असो. तेव्हा शहजादला पाठवायचं वर लिहिलं आहे ते राहू दे. कबुतरांचंही राहू दे. नमिरा, ते खोड.

सोमवारी धुळ्याचा आला. कागद मांडले, पेनाचं टोपण काढलं. पाहुणा म्हणून मी चहासोबत भाजलेले बिबडे ठेवले. त्याने एक मोडला, खाल्ला, डोळे मिटले. म्हणाला, आजी, माझी आई गेल्यापासून असा बिबडा खाल्ला नाही, एवढा कुरकुरीत करता तरी कसा? अख्तर, शपथेवर सांगते, मी बोलणार नव्हते. पण पन्नास वर्षांत ह्या घरात बिबडे कसे करता असं मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काही नाही हो, शहजादच्या काचेवर वाळवले!’

धुळ्याचा इतका हसला की चहा कागदावर सांडला. हेमराजही हसला, आवाज काढून. संध्या हसली नाही. ती उठली, जिन्यातले आकडे बघून आली, आणि मला नाही, शहजादला फोन लावला. मी दाराआड उभी. ‘तुमले माहीत व्हतं ना? मंग गप का बसनात? उद्या मशीन बिघडी तरी तुम्ही कोनी आजी सांभाळत बसशात का?’ तिकडून तो काय बोलला ते कळलं नाही. मग फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता आपलं नाव गेलं. तर म्हणाली, ‘आजी, वानगी पुन्हा व्हई. गच्चीले कुलूप.’ किल्ली तिने कमरेला खोचली. ह्या घरात माझ्यावर पहिल्यांदा कुलूप पडलं, आणि खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटला. आमचे हे असते तर म्हणाले असते, रुखमे, तुला जोडीदार मिळाली.

पुन्हा पाच दिवस. धुळ्याचा भला माणूस, त्याने हरकत घेतली नाही, फक्त बिबड्यांचा डबा मागून घेतला. निकाल सांगू? ह्या वेळीही ‘धु’ वर, पण चिमूटभरच. मी तर देवापुढे बसले होते, ती तशीच बसून राहिले. संध्याने दोघांना एकच विचारलं, मिरचीच्या हंगामात बंद पडलं तर कोण येईल? धुळ्याच्याने एक नंबर लिहून दिला, म्हणाला, इथे तक्रार नोंदवा, तीन दिवसांत माणूस येतो. शहजाद म्हणाला, ‘मी.’ मग संध्या धुळ्याच्याला म्हणाली, दादा, माल तुमचा चिमूटभर सरस आहे, पण तुम्ही पंधरा दिवसांत एकदाही गच्ची चढला नाहीत. आणि तिने कागद शहजादकडे सरकवला. एक अट घातली, बिघडलं तर बिघडलं सांगायचं, आजीने बिघडवलं असलं तरी. तो म्हणाला, ‘भाभी, आजीनंच बिघडवलं असीन तं चिठ्ठी लिखी सांगसू.’ आता संध्या हसली.

तुझ्या नातवाला काम मिळालं गं, अख्तर! पाट्या आखाजीच्या आधी चढतील. निंब जागेवर राहील. इंजिन अजून त्याच्याखाली आहे, गंजलं आहे, पण नळीवरचा जहीरभाईंचा डबा तसाच आहे. काल शहजादला दाखवला. त्याने तो काढून हातात धरला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि किती वेळ आत बघत उभा राहिला. मी म्हटलं, तुझ्या विजेला आवाज नाही रे, आता बायांना कळेल कसं की चक्की लागली? म्हणाला, ‘आजी, आवाज द्याले तुम्ही आहेत ना!’

ता. क. तिसरा नि शेवटचा, आणि हाच खरा. काम शहजादचं झालं, पण गच्चीची किल्ली अजून संध्याच्याच कमरेला आहे, आणि ती म्हणते, राहणारही तिथेच. तेव्हा शहजादला सांग, त्याच्याकडे एखादी बिघडलेली, टाकून द्यायची पाटी असेल तर माझ्यासाठी आणावी नि अंगणात मांडून द्यावी. वायर नको, मीटर नको. ऊन माझं मी बघेन. आखाजीला तू येशील तेव्हा ज्वारी भिजवून ठेवते. ती काच अशी आहे, अख्तर, की तिच्यावर तुझे बिबडेही वाळतील.